भिंतीबाहेरचा नळ

बोरटेकात शिरताना आधी कमान लागते आणि मग वास लागतो. कमान ग्रामपंचायतीनं बांधली. तिच्यावर सरपंचाच्या वडिलांचं नाव एवढं मोठं कोरलंय, की गावाचं नाव खाली कसंबसं मावलंय. वास मात्र सगळ्या गावानं मिळून केलाय, म्हणून त्यावर कोणाचंच नाव नाही. देऊळघाटाकडून येणारी सडक कमानीखालून आत आली की दोन्ही अंगांनी नाल्या सुरू होतात आणि भादव्याच्या झडीत नाली कुठली नि सडक कुठली हे कळेनासं होतं. न्हाणीचं साबणपाणी, शेण, पंगतीतले द्रोण, कोंबडीची पिसं, पोरांची लंगोटं, गुटख्याच्या पुड्या. डुकरं त्यात सुखानं लोळतात. माणसं नाकाला पदर-रुमाल लावून वरून उडी मारतात आणि पलीकडं गेली की थुंकतात. थुंकतात तेही नालीतच.

भगवंतरावाला या सगळ्याची शिसारी होती. तसा तो उपजतच सोवळा. भाजीपाला पिकवणारा माणूस, हात दिवसभर मातीत नि शेणखतात. पण घरी आला की कोपरापर्यंत घासून धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्याच्या घरी चहा घेताना कपाच्या कानाजवळून ओठ लावायचा, कारण तिथून कोणी पीत नाही असा त्याचा होरा. पंगतीला जाताना स्वतःचा तांब्या न्यायचा. गाव त्याला तोंडावर बापू म्हणे आणि मागं तांब्याबापू.

या शिसारीतच त्याचं ग्रामपंचायतीशी वाकडं आलं. ज्या वर्षी घरपट्टी-पाणीपट्टी वाढली, त्याच वर्षी सरपंच उद्धवच्या गल्लीत फरशीसारखे रंगीत गट्टू बसले आणि वेशीत कमान उठली. भगवंतरावाच्या दारातली नाली तशीच तुंबलेली. त्यानं पट्टी भरणं बंद केलं.

"पट्टी म्हंजे काय?" तो चहाच्या टपरीवर विचारायचा. "मी उन्हातान्हात रगत आटवाचं अन् यानं बापाच्या नावाची कमान बांधाची. माह्या खिशातला पैसा मले न इचारता कोनी काढला त त्याले चोरी म्हन्तेत. पंचायतीनं काढला त कर म्हन्तेत."

टपरीवरची माणसं माना डोलवायची. फुकटचं तत्त्वज्ञान आणि उधारीचा चहा, दोन्ही गोड लागतात.

पण बोलून थांबणारांतला तो नव्हता. पंचायतीनं नळ तोडायची नोटीस लावली तेव्हा त्यानंच लोखंड कापायची आरी घेऊन आपला नळ कापला आणि तोटी नेऊन ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवली. ईशान्य कोपऱ्यात बोअर मारलं, कारण पाणी ईशान्येलाच हवं. पाणी लागलं, आणि लागलं ते काचेसारखं. मग पंचायतीनं दुसरी खोडी काढली. भगवंतरावाच्या संडासाचा खड्डा भिंतीबाहेर, सडकेच्या कडेला होता. पंचायत म्हणाली, हे अतिक्रमण आहे. भगवंतराव म्हणाला, "माही घान माह्या जाग्यात ठेवतो. तुमची इंचभर जागा नाही पायजे मले." वैशाखात मजूर लावून त्यानं खड्डा आत घेतला. अंगणात एका बाजूला गोठा, एका बाजूला जुड्या धुवायचा हौद. उरलेला कोपरा तेवढा मोकळा होता. तिथंच खणलं, बोअरच्या अंगाशी. आपल्याकडं माणसं बांधाचं अंतर वीतभर चुकलं तर कोर्टात जातात. खड्डा आणि बोअर यांच्यातलं अंतर कोणी मोजत नाही.

वर त्यानं एक पुण्यकर्म केलं. बोअरची एक नळी भिंतीतून बाहेर काढून तिला पितळी तोटी बसवली. वर स्टीलची पाटी: वडिलांच्या स्मरणार्थ, पिण्याचे पाणी, मोफत. पंचायतीचा नळ चार-चार दिवसांनी यायचा आणि आला की आधी गंज ओकायचा. तेव्हा गल्लीतल्या बाया पाटीखाली रांग लावू लागल्या. सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचं आणि घागरी भरताना ऐकायच्या, हे भगवंतरावाचं सुख होतं. देणाऱ्याच्या दारात रांग लागते तशी घेणाऱ्याच्या दारात लागत नाही.

फक्त तोटी त्याच्या मर्जीची होती. उन्हाळ्यात गल्लीतल्या काही बाया उद्धवच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या, तर तोटी दोन दिवस कोरडी राहिली. कोणी विचारलं नाही. फुकट घेणाराला विचारायचं तोंड नसतं. तिसऱ्या दिवशी तोटी वाहू लागली आणि बाया पहिल्यापेक्षा जास्त हसून बोलू लागल्या. ते हसणं भगवंतरावाला मानाचं वाटलं.

यंदा झड लांबली. पोळा ओला गेला, गणपती ओले गेले. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, मात्र भाव होता. झुंजूमुंजू झालं की भगवंतराव आणि हर्षल, त्याचा एकुलता एक मुलगा, डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन वावरात उतरायचे. चिखलातून सांबार उपटताना मुळासंगं पायाएवढा गोळा यायचा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची, बेंबीपर्यंत पाणी मुरायचं. माल अंगणात आला की भगवंतरावाची बायको अन्नपूर्णाबाई आणि सून संजीवनी जुड्या बांधायच्या आणि हौदात बुचकळून माती धुवायच्या. मग हर्षल टेम्पोत घालून बुलढाण्याच्या बाजारात न्यायचा. बोरटेकच्या बापूचा सांबार म्हटलं की अडत्या हात आखडता घेत नसे. माल स्वच्छ, मुळाला मातीचा कण नाही.

त्या आठवड्यात संजीवनी जुडी बांधता बांधता सारखी उठत होती. पदर पोटाशी आवळून संडासाकडं जायची, घामानं भिजून परत यायची आणि न बोलता पुन्हा जुडी हातात घ्यायची. सासऱ्यासमोर ऊठबस करायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. भगवंतराव तिकडं पाठ करून बसे. त्याला सुनेची दया येत होती आणि त्याच वेळी किळसही येत होती, आणि किळस जास्त होती. मग नात प्राचीला लागलं. दीड वर्षाची पोर, दुपट्यामागून दुपटी ओली करू लागली. तिचे डोळे आत गेले, रडणं बारीक झालं.

हर्षलनं पोरीला बुलढाण्याला नेलं. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं? सोबत गेलेला भगवंतराव दुखावला. "नळाचं नाही डॉक्टर. सोताचं बोअर हाय." डॉक्टर म्हणाले, मग ठीक, तरी उकळून द्या. भगवंतरावानं 'मग ठीक' एवढंच घरी आणलं.

गल्लीत घरोघर तीच कथा होती. समोरच्या मंजुळाबाईचा हरिओम तर काविळीनं अंथरुणाला खिळला. ट्रॅक्टर चालवणारा दांडगा गडी, महिन्यात खाटेवर चिपाडासारखा झाला. मंजुळाबाईनं जाणत्याकडून मंतरलेली माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबत बेंबीपर्यंत आली. डोळे हळकुंडासारखेच राहिले.

"बापू, त्याले तुमच्याच बोअरचं पानी देतो मी," मंजुळाबाई तोटीखाली घागर लावताना म्हणायची. विधवा बाई, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करून पोरगा वाढवलेला. "नळाचा एक थेंब नाही जाऊ देत त्याच्या पोटात."

"बरोबर करतं," भगवंतराव खुर्चीतून म्हणायचा. "ही सगळी त्या नालीची करनी हाय. माश्या तिकडून उठतेत अन् आपल्या ताटात बसतेत. याचा जाब मी इचारतो."

जाब विचारायला ग्रामसभा आयती आली. शाळेच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. वरून पत्र्यावर पाऊस, खाली ओल्या चपलांचा आणि बिडीचा वास. उद्धव सरपंच तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलत होता, म्हणून दर वाक्यामागं एकदा हनुवटी वर करावी लागत होती. शेजारी ग्रामसेवक अश्वजित, नवीन लागलेला तरुण, वसुलीचं रडगाणं गात होता. अर्ध्या गावानं पट्टी भरलेली नाही. पाणी शुद्ध करायला टाकीत टाकायची टीसीएल पावडर आणायची तर पंचायतीकडं पैसा नाही. नाली काढायला माणूस लावायचा तर त्याला द्यायला नाही.

"कमानीले व्हता काय?" भगवंतरावानं मागून विचारलं.

शेड हसली. उद्धवनं हनुवटी वर केली. "तो निधी वरून आलता बापू. तो कमानीचाच व्हता."

"वरून म्हंजे आभायातून आलता काय? तोबी कोनाच्या तरी खिशातलाच."

"तुम्ही पट्टी भरा, मंग नाली काढतो."

"तुम्ही नाली काढा, मंग पट्टी भरतो."

असं दोनदा-तीनदा झालं. लोकांना मजा येत होती. घरी लेकरं हगवणीनं वाळत होती आणि बाप इथं टाळ्या पिटत होते. अश्वजित काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, एकट्यानं नाही होत हे. रस्ता, पाणी, नाली सगळ्यांची म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं असतं."

"सगळ्यायचं म्हंजे कोनाचंच नाही," भगवंतराव म्हणाला. "मी कोनाचा मिंधा नाही. माहं पानी माहं, माही घान माही. वरून आर्ध्या गल्लीले फुकट पाजतो. कोनाकडून रुपाया घेतला काय? सांगा."

मग त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत पंचायतीच्या नळाचं तांबूस पाणी, तळाशी गाळ. दुसरीत बोअरचं. उजेडाकडं धरलं तर बाटली रिकामी वाटावी असं. "पाहा," तो म्हणाला आणि दुसरी बाटली तोंडाला लावून घटाघटा अर्धी प्याला. उरलेली त्यानं अश्वजितपुढं धरली.

अश्वजित चाचरला. "तपासून घेतलंय का, काका?"

शेडभर हशा पिकला. बापूचं पाणी तपासायला निघालाय बेटा. पोरगा लाजेनं काळा-निळा झाला आणि त्यानं मान खाली घातली. बाटली बायांमध्ये फिरली. मंजुळाबाई तळहातावर घेऊन तीर्थासारखं प्याली.

उद्धवनं शेवटी खर्रा थुंकला आणि तो नीट बोलला. "बापू, तुमचं पानी गोड असंल. पन उन्हाळ्यात दोन दिवस तोटी बंद ठेवली तुम्ही. तवा या बायांनी कोनाले इचारावं?"

"तोटी माही हाय. वाटंल त देईन, नाही वाटंल त नाही."

"तेच म्हन्तो," उद्धव म्हणाला. पण ते कोणी ऐकलं नाही. लोक उठून भगवंतरावाच्या पाठीवर थाप मारत होते. चोराच्या तोंडचं खरं बोलणंही कोणाच्या कानात शिरत नाही.

भगवंतराव जिंकल्यासारखा घरी आला. अंगणात पाय ठेवला तर वास. झडीनं खड्डा काठोकाठ भरला होता, झाकणाच्या फटीतून काळसर पाणी पाझरत होतं आणि वर डासांचं भिरभिरं उठलं होतं. निदान आज तरी हे त्याला सहन होणार नव्हतं. त्यानं काळ्या फिनेलचा कॅन आणलेला होता. "गावाची घान कोनी काढो न काढो, माह्या घरची मी काढतो," असं अन्नपूर्णाबाईला ऐकवून त्यानं अख्खा कॅन खड्ड्यात रिता केला. वास मरेना तसा दुसऱ्या दिवशी आणखी एक ओतला. मग अंगणात फिनेलचा असा दरवळ सुटला की दवाखान्यात आल्यासारखं वाटावं. त्याला बरं वाटलं.

त्याच्या पुढल्या पहाटे संजीवनीनं चहा आणून ठेवला. भगवंतरावानं घोट घेतला आणि अंगणात फुर्र करून उडवला.

"काय वं हे? फिनेलचा हात धुतला नाही काय?"

"मी हात नाही लावला मामाजी फिनेलले," संजीवनी दारामागून म्हणाली. आवाज खोल गेलेला. जुलाब अजून थांबले नव्हते.

"मंग भांडं घासलं नसंन. माह्यासमोर घास. बिमारी बिमारी करत सगळं घर नासवून ठेवलं तुमी लोकायनं."

तिनं पातेलं आणून त्याच्यासमोर राखेनं घासलं. घासताना तिला मध्येच उठून जावं लागलं आणि ती परत येईपर्यंत भगवंतराव पातेल्याकडं बघत बसला. दुसरा चहा झाला. अन्नपूर्णाबाईनं आधी स्वतः चाखला, तोंड वाकडं केलं आणि पदरात थुंकली.

"चहाले नाही," ती हळूच म्हणाली. "पान्याले हाय."

भगवंतराव बोअरपाशी गेला. मोटर चालू करून पहिली धार सोडून दिली. मग ओंजळ भरली. पाणी तसंच काचेसारखं होतं, तळहाताच्या रेषा त्यातून दिसत होत्या. त्यानं ओंजळ नाकाशी नेली.

मग त्यानं मान वळवून खड्ड्याच्या झाकणाकडं पाहिलं, पुन्हा बोअरकडं पाहिलं. दोन्ही एकाच नजरेत मावत होती.

फिनेल जिथून आलं तिथून दुसरं काय काय आलं असेल, हे समजायला शाळा शिकावी लागत नाही. वैशाखापासून घरातल्या सगळ्यांनी जे जे खड्ड्यात सोडलं ते ते त्यानं तांब्यात भरून घेतलं होतं. पंगतीला नेलं होतं. देवघरातल्या महादेवाला रोज त्याचीच संततधार. प्राचीच्या दुधात तेच. बुलढाण्याच्या बाजारात हिरव्यागार जुड्यांवर थेंब चमकायचे ते त्याचेच. आणि परवा सगळ्या गावासमोर, उजेडाकडं धरून, घटाघटा. त्यानं घशात बोटं घातली आणि हौदाच्या कडेला बसून तो भडाभडा ओकला.

ओकून झाल्यावर चूळ भरायला त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि तो तिथंच थांबला. घरात दुसरं पाणी नव्हतं. माठात तेच, घंगाळात तेच, देवाच्या गडूत तेच. तोंडात आंबट घाण घेऊन साठीचा माणूस आपल्याच अंगणात घोटभर पाणी शोधत फिरला. शेवटी गोठ्याच्या पत्र्यावरून पागोळी गळत होती, तिच्याखाली त्यानं लहान पोरासारखं तोंड उघडलं.

संजीवनी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. घासलेलं पातेलं तिनं पालथं घातलं.

हर्षल वावरातून आला तेव्हा बाहेरच्या तोटीचा कॉक भगवंतरावानं आतून बंद केलेला होता. ऐकून हर्षल आधी हौदातल्या जुड्यांकडं धावला. मग खाली बसला, आणि जरा वेळानं त्याचं डोकं चालायला लागलं.

"कोनाले सांगू नका बाबा. मोटर जळली म्हना. खड्डा उपसू, दुसरीकडं घेऊ. लोक तं पंचायतीच्याच नावानं बोंबलून राह्यले. तिकडंच खपून जाते हे."

"अन् तो हरिओम?" अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"हरिओमले काय आपल्याच पान्यानं झालं असंन? कोनी पाह्यलं?"

मुलाचं बोलणं भगवंतरावाला ओकारीसारखंच घाण वाटलं, आणि त्या घाणीतच त्याला सुटकाही दिसली. आपण हे नको म्हणत नाही, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

उजाडलं तशा बाया घागरी घेऊन आल्या. तोटी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली. एकमेकींकडं बघितलं. गेल्या खेपेस काय चुकलं होतं ते आठवत असावं, कारण एक जण अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बापू, आमचं काही चुकलं काय?"

"मोटर जळली," भगवंतराव ओसरीवरून म्हणाला.

"अरे देवा. कायजी नका करू बापू, व्हईन दुरुस्त. तुमी आमच्यासाठी एवढं करता."

दुसरी म्हणाली, गल्लीत प्रत्येक घरातून थोडे थोडे जमा करून मोटर दुरुस्त करून देऊ. भगवंतरावानं मान हलवली. जन्मभर ज्या वर्गणीला तो चोरी म्हणत आला, ती त्याच्या न जळलेल्या मोटरीसाठी पदराच्या गाठी सोडून निघाली होती. त्याला खुर्चीत बसवेना. तो उठून आत गेला, पण आत बसायलाही स्वच्छ जागा वाटेना.

रांगेत मंजुळाबाई नव्हती. दुपारी पावसाची एक सर थांबली तशी अन्नपूर्णाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याला आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मंजुळाबाईनं परवा भरून ठेवेल घागर हाय," ती म्हणाली. "मी सोता पाह्यली. त्यातलंच देऊन राह्यली ती पोराले. तुमी जाता का मी जाऊ?"

भगवंतराव गेला. नालीवरून उडी मारून समोर जायला चार पावलं. पण नाली चढलेली होती, कडेला पाय सरकला आणि पायजमा घोट्यापर्यंत काळ्या रेंद्यानं भरला. एरवी तो तिथूनच परत फिरला असता. तो तसाच मंजुळाबाईच्या दारात उभा राहिला.

आत हरिओम खाटेवर होता. गळ्यातली माळ पोटावर साचलेली, ओठ सुकलेले. कोनाड्याखाली घागर, तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं, वर झाकण. मंजुळाबाई गिलासात पाणी ओतत होती.

"या बापू. मोटर जळली म्हने तुमची. माह्यापाशी हाय थोडं ठेवेल, पुरवून पुरवून देतो त्याले. तुमाले पायजे काय घोटभर? पाय लय भरले तुमचे."

"ते त्याले देऊ नको."

"काऊन?"

मोटर, असं तोंडात आलं होतं. हरिओमनं पिवळे डोळे उघडून गिलासाकडं हात केला. भगवंतरावानं पुढं होऊन तो गिलास त्याच्या आईच्या हातातून काढून घेतला.

"त्यात माह्या घरची घान हाय, मंजुळाबाई. मोटर नाही जळली. संडासाचा खड्डा अन् बोअर एकमेकाले लागून हाय. खड्ड्यात फिनेल वतलं मी, ते आज चहात आलं. उन्हाळ्यापासून हेच चालू असंन. तुमी सगळ्यायनं तेच पेलं."

मंजुळाबाईला कळायला वेळ लागला. आधी तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग गिलासाकडं, मग पोराकडं. हरिओमनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि त्याची पाठ हादरायला लागली. बाईनं घागरीवरचं फडकं सोडलं, घागर कमरेवर घेतली आणि बाहेर नेऊन नालीवर उपडी केली. काचेसारखी धार काळ्या रेंद्यात पडली आणि लगेच काळी झाली. भगवंतरावाच्या तोटीचं पाणी न पिता पंचायतीच्या नालीत पहिल्यांदाच ओतलं जात होतं. मग तिनं त्याच्या हातातल्या गिलासासाठी हात पुढं केला, तोही ओतला. पदराच्या टोकानं तिनं आपली जीभ पुसली. पुन्हा पुन्हा पुसली.

"दे शिव्या," भगवंतराव म्हणाला. "काय द्याच्या त्या दे."

"कशाच्या देऊ?" तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "उद्धवले मी रोज देतो. पंचायतीच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढतो, अन् तो खाली मान घालून ऐकते. काऊन की निंदनाच्या पैशातून पट्टी भरतो मी. गढूळ पानी आलं त पैसे परत माग म्हनून त्याचं नरडं धरता येते मले. तुमचं फुकट पेलो आमी, बापू. तुमी तोटी बंद केली तवा तोंड नाही उघडता आलं, अन् आता त हे पाजलं तुमी, तरी नाही उघडता येत. चार पैसे घेतले असते त आज भांडता तरी आलं असतं."

तिनं रिकामी घागर दाराशी पालथी घातली. "नळ येईन आज. तुमची पोट्टीबी लहान हाय. घागर घेऊन पाठवा सुनेले, माह्या नंबरावर भरून देतो. उकळून घ्या म्हना," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लोटलं.

भगवंतराव नालीच्या काठावर राहिला. पलीकडं त्याचं घर, भिंतीवर चकचकीत पाटी, पाटीखाली कोरडी तोटी. दोन्हींच्या मध्ये ते काळं पाणी वाहत होतं. त्यात त्याचं कुठलं नि गावाचं कुठलं हे आता सांगता आलं नसतं. त्यानं पायजमा वर धरला आणि उडी मारली. पलीकडं पाय टेकताच जन्माच्या सवयीनं तोंडात थुंकी भरून आली. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. थुंकावं अशी जागा त्याला दिसेना. त्यानं ती गिळली आणि तो घरात गेला.